बाफुओनचे तीन लाख चिरे: उतरवलेले मंदिर पुन्हा कसे रचले गेले

१९९५ साली कंबोडियातल्या अंगकोर थोम या जुन्या ख्मेर राजधानीच्या अवशेषांत बाफुओन हे जे मंदिर पुन्हा उभे करायचे होते, त्यातले बरेचसे मंदिर जंगलात जमिनीवर पडून होते. पडून म्हणजे ढासळून नव्हे. माणसांनी ते पद्धतशीर उतरवून, रांगा लावून ठेवले होते. सुमारे तीन लाख वालुकाश्माचे चिरे सुमारे १० हेक्टरांवर पसरले होते, म्हणजे सरासरी दर चौरस मीटरला तीन. कोणता चिरा कुठे बसतो हे सांगणारी कागदपत्रे मात्र राहिली नव्हती. १९७५ मध्ये ख्मेर रूज या कट्टर साम्यवादी संघटनेने देशाची राजधानी नॉम पेन्ह हे शहर घेतले, त्या उलथापालथीत ती नष्ट झाली.

बाफुओनचे प्रकरण दोन कारणांसाठी नीट समजून घेण्यासारखे आहे. एक, दगडी इमारत बहुतेक वेळा दगडामुळे पडत नाही, आतल्या मातीमुळे आणि पाण्यामुळे पडते. दोन, इमारत उतरवताना चिरा जपला पण त्याची जागा सांगणारी नोंद हरवली, तर हाती दगडांचा ढीग उरतो. या प्रकरणात दोन्ही गोष्टी घडल्या, आणि दोन्हींवर उपाय शोधावा लागला.

इमारत काय आहे

बाफुओन हे अकराव्या शतकातले शिवमंदिर. ते राजा उदयादित्यवर्मन दुसरा (कारकीर्द १०५० ते १०६६) याचे मानले जाते. मात्र दगड जोडण्यासाठी वापरलेल्या लोखंडी क्लॅम्पचे रेडिओकार्बन पद्धतीने वय काढले, तेव्हा बांधकाम त्याच्या आधीच्या सूर्यवर्मन पहिल्याच्या काळापर्यंत मागे जाते असे दिसले. त्याच सुमारास आपल्याकडे शिलाहार मम्मुणीच्या राज्यात अंबरनाथचे शिवमंदिर उभे राहत होते. तिथल्या लेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हे वर्ष आहे. दोन्ही ठिकाणी शिव आहे आणि दोन्ही ठिकाणी चुन्याशिवाय रचलेला दगड आहे. फरक आकाराचा आणि पोटातल्या भरावाचा. अंबरनाथचे मंदिर जमिनीवर उभे आहे. बाफुओनच्या कारागिरांनी आधी डोंगर तयार केला आणि मग त्याच्या माथ्यावर मंदिर चढवले.

हा डोंगर म्हणजे मेरू पर्वताची प्रतिकृती. पायथा पूर्व-पश्चिम सुमारे १२० मीटर, उत्तर-दक्षिण सुमारे १०० मीटर. वर चढत जाणारे टप्पे, टप्प्यांवर दगडी ओवऱ्या आणि माथ्यावर शिखर. शिखरासह उंची ५० मीटरांच्या आसपास असावी असा अंदाज आहे. १२९६-९७ मध्ये इथे राहून गेलेला चिनी दूत चौ दाग्वान याने राजवाड्याजवळच्या एका तांब्या-पितळेच्या मनोऱ्याचे वर्णन केले आहे. तो सोन्याच्या मनोऱ्याहून, म्हणजे अंगकोर थोमच्या मध्यावरच्या बायोन मंदिराहून, उंच असल्याचे तो लिहितो. तो मनोरा बाफुओनच होता असे मानले जाते. पूर्वेकडून मंदिराकडे येणारा सुमारे २०० मीटरांचा दगडी मार्ग ठेंगण्या गोल खांबांच्या तीन रांगांवर तोललेला आहे.

आज बाफुओन अंगकोर थोमच्या तटाच्या आत दिसते, पण तट त्याच्या नंतरचा. प्रत्येक बाजू सुमारे ३ किलोमीटर असलेला हा चौकोन बाराव्या शतकाच्या अखेरीस जयवर्मन सातवा याने बांधला, तेव्हा बाफुओन शंभराहून अधिक वर्षांचे होते.

दगडांबद्दल थोडे. वालुकाश्म कुलेन डोंगराच्या पायथ्याच्या खाणींतून येई. अंगकोरच्या इमारतींत पायासाठी आणि न दिसणाऱ्या भागासाठी सर्रास वापरलेला दुसरा दगड म्हणजे जांभा. कोकण-गोव्याच्या वाचकाला त्याची ओळख करून द्यायला नको. खाणीत मऊ, वाऱ्यावर आला की टणक. वालुकाश्माचे चिरे एकमेकांवर घासून बसवलेले असत. त्यामुळे सांधा इतका घट्ट येई की चुन्याची गरजच उरत नसे. पण त्याच कारणाने प्रत्येक चिऱ्याचा पृष्ठभाग फक्त त्याच्या शेजाऱ्याशी जुळतो. विटांच्या भिंतीत एक वीट दुसरीच्या जागी चालते, इथे चालत नाही. ही गोष्ट पुढे फार महागात पडली.

ते का पडत होते

बाफुओनचे पोट मातीचे, मुख्यतः वाळूचे आहे. दगडाचे आवरण आजूबाजूला आणि आत भराव. असे बांधकाम लवकर होते आणि दगड कमी लागतो, पण मग दगडाचे ते आवरण आधारभिंतीचे काम करत राहते, ज्यासाठी ते बांधलेलेच नसते.

हिशेब करून पाहू. कोरड्या वाळूचे वजन घनमीटरला साधारण १.८ टन धरले आणि वाळू आडव्या दिशेने आपल्या वजनाच्या सुमारे एक तृतीयांश ढकलते असे मानले, तर भरावात ६ मीटर खाली भिंतीवर प्रत्येक चौरस मीटरला सुमारे ३.६ टन दाब येतो. आता तोच भराव पाण्याने पूर्ण भरला असे धरा. पाण्यात बुडालेल्या वाळूचे परिणामी वजन घनमीटरला साधारण १ टन उरते, म्हणून तिचा आडवा दाब २ टनांवर येतो. पण पाण्याचा स्वतःचा दाब एक तृतीयांश होत नाही, तो सगळ्या दिशांना पूर्ण लागतो. ६ मीटर खोलीवर तो ६ टन. एकूण ८ टन. म्हणजे भिंत तीच आणि वाळूही तीच, पण केवळ निचरा झाला नाही म्हणून दाब दुपटीहून जास्त झाला.

अंगकोर ज्या सिएम रीप भागात आहे तिथे वर्षाला साधारण १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो, पुण्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि त्यातला बहुतेक मे ते ऑक्टोबरमध्ये. १२० गुणिले १०० मीटरच्या पायथ्यावर वर्षाला पडणारे पाणी सुमारे १६,८०० घनमीटर होते, म्हणजे १ कोटी ६८ लाख लिटर. ओवऱ्यांची छपरे आणि फरसबंदी शाबूत असेतो यातले बरेच पाणी बाहेर जाते. एक झाड सांध्यात रुजले, एक फरशी सरकली, की पाणी आत मुरू लागते. बाहेर पडताना ते सांध्यांतून वाळूचे बारीक कण घेऊन जाते. आत पोकळी होते, वरचा दगड खचतो, फट रुंदावते आणि पुढच्या पावसात आणखी पाणी शिरते. हे चक्र एकदा सुरू झाले की आपोआप थांबत नाही.

यात ख्मेर बांधणीचा एक जुना दोष भर घालतो. वीटकाम करणारा गवंडी खालच्या थरातल्या सांध्यावर वरच्या थरातली अख्खी वीट आणतो. ख्मेर भिंतींत अनेकदा उभे सांधे थरामागून थर एकाच रेषेत येतात. अशी भिंत वरचे वजन पेलते, पण आतून ढकलले की त्या उभ्या रेषेवर उघडते. लोखंडी क्लॅम्प दगडांना धरून ठेवत, पण लोखंड गंजले की फुगते आणि ज्या दगडाला धरायचे त्याचीच कड उडवते.

थोडक्यात, ही इमारत पहिल्यापासून अस्थिर होती. पुढे तिच्या पश्चिम बाजूवर बुद्धमूर्ती रचली गेली, तोवर बरीच पडझड झालेली असावी. विसाव्या शतकात एकोल फ्रांसेज देक्स्त्रेम-ओरिआँ या फ्रेंच संस्थेच्या वास्तुतज्ज्ञांनी जंगल हटवले आणि डागडुजी केली, पण १९४३ मध्ये पुन्हा मोठी पडझड झाली. पडलेले दगड परत चढवून उपयोग नव्हता, कारण आजार आतल्या भरावात होता.

उतरवण्याचा निर्णय

१९६० च्या सुमारास बेर्नार-फिलिप ग्रोलिए यांच्या देखरेखीखाली जो मार्ग निवडला गेला त्याला ॲनास्टायलोसिस म्हणतात. मूळ चिरे उतरवून, आतली रचना पक्की करून, तेच चिरे त्यांच्याच मूळ जागी परत बसवायचे. फ्रेंचांनी ही पद्धत जावातल्या डच तज्ज्ञांकडून शिकली. ऑन्री मार्शाल यांनी १९३१ नंतर बांतेय स्रेई या छोट्या मंदिरावर ती वापरली आणि तिथे ती उत्तम जमली. पण बांतेय स्रेई एखाद्या देवघरासारखे नाजूक आहे आणि बाफुओन डोंगर आहे. पद्धत तीच, प्रमाण मात्र कितीतरी पट.

अशा कामाचा क्रम ठरलेला असतो. आधी प्रत्येक दर्शनी बाजूचे मोजमाप, उंचीच्या रेषा आणि छायाचित्रे. मग चित्रावर प्रत्येक चिऱ्याला क्रमांक: बाजू, थर आणि थरातली जागा. तोच क्रमांक चिऱ्याच्या न दिसणाऱ्या बाजूवर. त्यानंतर वरून खाली, एकेक थर. ६० गुणिले ४० गुणिले ४० सेंटिमीटरचा साधा चिरासुद्धा दोनशे किलोंच्या पुढे भरतो, म्हणून उचलण्याची सोय आधी लागते. उतरवलेले चिरे थराप्रमाणे रांगेत, खाली आधार देऊन ठेवायचे. मग भराव काढायचा, आतली भिंत आणि निचरा करायचा आणि उलट क्रमाने परत चढायचे.

यातला सर्वांत धोक्याचा काळ मधला. इमारत उतरवलेली असते आणि ती कागदावर असते. छोट्या मंदिरात हा काळ काही महिन्यांचा. बाफुओनमध्ये तो अनेक वर्षांचा होणारच होता, आणि नेमक्या त्याच काळात कंबोडियात युद्ध आले. १९७१ मध्ये काम थांबले. चिरे जंगलात राहिले आणि नोंदी नॉम पेन्हच्या कार्यालयात. १७ एप्रिल १९७५ ला शहर पडले आणि नोंदी गेल्या. कामावरच्या माणसांपैकीही सगळे वाचले नाहीत.

युद्ध कोणाच्या हातात नव्हते. पण नोंदवह्यांची पूर्ण प्रत देशाबाहेर ठेवणे हातात होते. छायाचित्रांच्या बाबतीत ते घडले होते: सुमारे एक हजार छायाचित्रे पॅरिसच्या संग्रहात होती आणि ती वाचली. पुढचे सगळे काम या छायाचित्रांमुळे शक्य झाले.

जागा शोधण्याचे काम

१९९५ मध्ये काम पुन्हा सुरू झाले. जुन्या काळी इथे काम केलेले वास्तुतज्ज्ञ झाक द्युमार्से यांचे मार्गदर्शन होते आणि प्रत्यक्ष कामाची सूत्रे पास्काल रॉयेर यांच्याकडे होती. त्यांच्याजवळ पॅरिसची छायाचित्रे होती, रेखाटने होती, आणि १९७० च्या आधी इथे राबलेल्या काही कंबोडियन कामगारांच्या आठवणी होत्या. चिऱ्यांची मोजमापे आणि वजने नव्याने घेतली गेली.

बाहेरच्या माणसाला वाटते की हे काम संगणकाचे आहे: तीन लाख मापे भरा, जुळणी मिळेल. अडचण अशी की मापांत चिऱ्याचे वेगळेपण पूर्ण येत नाही. लांबी, रुंदी, उंची जुळणारे चिरे अनेक निघतात, पण घासून झालेला किंचित तिरका पृष्ठभाग एकाच शेजाऱ्याला बसतो. त्यात कडा झिजलेल्या आणि कोपरे उडालेले. म्हणून निर्णय शेवटी डोळ्याने आणि हाताने होतो.

चिरा ओळखण्याच्या खुणा अशा. पहिली थराची उंची. एका थरातले चिरे सहसा सारख्या उंचीचे असतात, त्यामुळे उंची कळली की शोध एका थरापुरता उरतो. दुसरी, आणि सर्वांत भरवशाची, कणी-कंगोऱ्यांची नक्षी. ख्मेर अधिष्ठानावर गोलाई, पट्टी, कमळपाकळी यांचे आडवे पट्टे असतात आणि हाताने कोरलेला पट्टा लांबीभर हुबेहूब सारखा नसतो. एका चिऱ्यावर पाकळीचा अर्धा भाग असेल तर उरलेला अर्धा शेजाऱ्यावर असलाच पाहिजे. तिसरी क्लॅम्पची खाच: दोन चिऱ्यांत अर्धी-अर्धी, म्हणून ती समोरासमोर आली पाहिजे. चौथी हवामानाचा डाग. दर्शनी बाजू काळपट आणि शेवाळलेली असते, झाकलेली बाजू उजळ. दोन्हींची सीमारेषा पाहून शेजारचा चिरा कुठवर झाकत होता ते कळते.

कोरीव भाग त्यामानाने सोपा. बाफुओनच्या द्वारांवर एकावर एक रचलेल्या छोट्या चौकटींत रामायण-महाभारतातले प्रसंग आहेत. चौकटीची किनार आणि आकृत्यांचे हातपाय एका चिऱ्यावरून दुसऱ्यावर जातात, त्यामुळे जुळणी स्वतःच बोलते. कठीण जातात ते आतल्या बाजूचे कोरे चिरे. त्यांवर नक्षी नाही, डाग नाही, आणि छायाचित्रातही ते दिसत नाहीत, कारण छायाचित्र दर्शनी बाजूचे. मंदिराची शोभा परत आणणारे काम आणि मंदिराचा तोल सांभाळणारे काम यांत दुसरे जास्त वेळ खाते, आणि पाहणाऱ्याला ते कधीच दिसत नाही.

या जुळणीत चूक कशी उघडी पडते तेही पाहण्यासारखे आहे. चुकीचा चिरा त्या जागी बऱ्याचदा बसतो, दोन-चार मिलिमीटरांचे अंतर सोडून. घाई असली तर ते अंतर चालवून घेतले जाते. पण त्याच थरात वीस चिरे पुढे गेल्यावर कोपऱ्याचा चिरा बसत नाही, कारण मिलिमीटर साचत गेलेले असतात. मग मागे जाऊन पुन्हा उतरवणे आले. म्हणून थर आधी जमिनीवर कोरडा मांडून पाहणे आणि कोपरे आधी निश्चित करून मग मधला भाग भरणे हीच सुरक्षित रीत. हेमाडपंती देवळे उतरवून दुसरीकडे नेणाऱ्यांनाही, विशेषतः धरणाच्या पाण्याखाली जाणारी देवळे हलवताना, हाच नियम पाळावा लागतो.

जे चिरे फुटून निकामी झालेले किंवा हरवलेले असतात त्यांच्या जागी नवा वालुकाश्म घडवून घालावा लागतो. तिथे नक्षी पूर्ण कोरायची की नुसता बाह्याकार द्यायचा, हा वाद प्रत्येक कामात होतो. माझ्या मते बाह्याकार पुरे. थराची रेषा सलग दिसावी आणि जवळ गेल्यावर नवा दगड नवा म्हणून ओळखू यावा.

आतले काँक्रीट

ग्रोलिए यांच्या काळात ठरलेला उपाय म्हणजे दगडी आवरणामागे प्रबलित, म्हणजे आत सळया घातलेल्या, काँक्रीटच्या आधारभिंती. भरावाचा आडवा दाब काँक्रीटने घ्यायचा आणि दगडाने फक्त आपले वजन वाहायचे. १९९५ नंतरही मुख्य दिशा तीच राहिली.

यावर आक्षेप आहेत आणि ते खरे आहेत. काँक्रीटमधली सळई शे-सव्वाशे वर्षांत गंजू शकते, दगडाचे आयुष्य त्याच्या कितीतरी पट. काँक्रीट दगडापेक्षा कमी श्वास घेते, त्यातले क्षार पाण्याबरोबर वालुकाश्मात आले तर पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटतो. शिवाय एकदा घातलेले काँक्रीट पुन्हा काढणे जवळजवळ अशक्य. अंगकोरमध्येच दुसरा मार्गही वापरला गेला. जपानी पथकाने बायोनच्या उत्तरेकडच्या ग्रंथालयाचे काम १९९९ मध्ये पूर्ण केले, तेव्हा मातीत चुना मिसळून ती थराथराने ठोकून बसवण्याची पद्धत अवलंबली, म्हणजे मूळ तंत्रच सुधारून वापरले.

तरीही बाफुओनसाठी काँक्रीट चूक होते असे म्हणता येत नाही. ग्रंथालय हे छोटे जोते आहे. बाफुओनचा भराव डोंगराएवढा आहे आणि त्याचे आवरण आधीच सुटलेले होते. शिवाय १९९५ मध्ये निवडीला फार वाव उरला नव्हता: अर्ध्यात सोडलेल्या कामात खालचे टप्पे एका पद्धतीने आणि वरचे दुसऱ्या पद्धतीने केले, तर दोन्ही वेगवेगळे खचतात आणि तडा नेमका सीमेवर जातो. काँक्रीटची भिंत असली तरी पाण्याला वाट हवीच. भिंतीमागे खडी-वाळूचा गाळणथर, ठरावीक अंतरावर निचऱ्याची छिद्रे आणि माथ्यावर पाणी आत जाऊ न देणारी फरसबंदी. छिद्रे मातीने बुजली तर वरच्या हिशेबातले ८ टन काँक्रीटवर येतात. म्हणून दर पावसाळ्याआधी ती मोकळी करणे आणि सांध्यांत रुजलेली रोपटी कोवळी असतानाच उपटणे हे काम कायमचे.

पश्चिमेची बाजू

सगळ्यांत अवघड निर्णय तंत्राचा नव्हता. राजसत्ता दक्षिणेकडे सरकल्यावर आणि थेरवाद बौद्ध धर्म रुजल्यावर बाफुओनच्या पश्चिम बाजूला दुसऱ्या टप्प्यावर एक प्रचंड निद्रिस्त बुद्ध रचला गेला. लांबी सुमारे ७० मीटर, उंची सुमारे ९ मीटर. अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यातली महापरिनिर्वाणाची मूर्ती सुमारे ७ मीटरांची आहे, म्हणजे हा तिच्या दहापट. पण अजिंठ्याची मूर्ती एकाच कड्यात कोरलेली आहे, आणि हा बुद्ध चिऱ्यावर चिरा ठेवून रचला आहे. चिरे आणले कुठून? वरून. शिवमंदिराचे शिखर उतरवून त्याच्या दगडांत बुद्ध घडवला गेला.

त्यामुळे दुरुस्ती करणाऱ्यांसमोर असा पेच होता की दोन्ही एकत्र पूर्ण होऊच शकत नाहीत. शिखर परत उभारायचे तर बुद्धाचे शरीर मोडावे लागते. बुद्ध ठेवायचा तर माथा रिकामा राहतो आणि अकराव्या शतकातली पश्चिम बाजू झाकलेली राहते. अकराव्या शतकाची बाजू घेणारा म्हणेल की बुद्ध ही नंतरची भर आहे, आणि तीही अपुरी. पण तोही ख्मेर लोकांनीच रचला, आणि आजच्या कंबोडियाचा धर्म त्या बुद्धाचा आहे, शिखरातल्या लिंगाचा नाही. बुद्ध ठेवण्याचा निर्णय झाला. तो योग्य होता असे मला ठामपणे वाटते. ॲनास्टायलोसिसचा अर्थ सर्वांत जुन्या दिवसाकडे परत जाणे असा घेतला, तर मधल्या पाचशे वर्षांची माणसे पुसली जातात.

३ जुलै २०११ रोजी राजा नोरोदोम सिहामोनी आणि फ्रान्सचे पंतप्रधान फ्रांस्वा फियों यांच्या उपस्थितीत मंदिर पुन्हा खुले झाले. फ्रान्सने या कामाला सुमारे एक कोटी युरो दिले होते. चिरे उतरवायला लागल्यापासून पन्नास वर्षे झाली होती.

आज तिथे जाणारे बरेच लोक पूर्वेच्या मार्गाने येतात, चढतात, उतरतात आणि बुद्ध न पाहताच परततात. जवळून तो दिसतच नाही, नुसती ओबडधोबड दगडी भिंत वाटते. मागच्या, पश्चिमेच्या बाजूला जाऊन झाडीच्या कडेपर्यंत मागे सरकावे आणि दुपारनंतर ऊन त्या बाजूवर पडते तेव्हा पाहावे. डोके डावीकडे, म्हणजे उत्तरेला. आधी कपाळ आणि मिटलेल्या पापणीची रेषा सापडते, मग खांदा, मग उजवीकडे लांबवर गेलेले शरीर. त्याच जागेवरून मान वर केली की रिकामा माथा दिसतो. तिथे जे नाही ते समोर आडवे पहुडलेले असते.